मुंबई–लंडन : एका हवाई मार्गाची घडण

मुंबई आणि लंडन या दोन नगरांमधील सरळ अंतर सुमारे ७२०० किलोमीटर आहे. परंतु ते आक्रमिण्यास किती काळ लागावा, हे विमानाच्या वेगाइतकेच, कोणत्या सरकारने आपल्या मुलखावरून जाण्याचा परवाना दिला आणि कोणत्या मुक्कामी पेट्रोल मिळाले, यांवर दीर्घकाळ अवलंबून होते.

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंत हवाई टपाल सुरू केले, तेव्हा त्या प्रवासास सात दिवस लागत. उतारूने बाझेलपर्यंत विमानाने यावे आणि तेथून आगगाडीने जिनोआ गाठावे, कारण स्वित्झर्लंडच्या बाजूने आपल्या सरहद्दीत उडत येण्यास इटालियन सरकारची मनाई होती. मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया, आणि पुढे गाझा, बगदाद, बसरा करीत इराणच्या किनाऱ्याने कराची, असा तो क्रम असे. बगदादच्या अलीकडील वाळवंटात वैमानिकाने खूण म्हणून पाहावे असे काहीच नसल्यामुळे, ब्रिटिश हवाई दलाने तेथे मोटारींच्या चाकोऱ्या उमटवून आणि मधूनमधून नांगराचे तास काढून ठेवले होते, व ती रेघ नजरेखालून निसटू न देणे हेच तेथले दिशाज्ञान होते. वाटेत रुतबा येथे विहिरींच्या आश्रयाने बांधलेली गढी लागे. तिच्या कोटाच्या आत उतारूंच्या जेवणाची व मुक्कामाची सोय होती. पुढे इराण सरकारने आपल्या किनाऱ्यावरून जाण्यास प्रतिबंध केला, आणि १९३२ साली शारजाच्या शेखाशी करार करून हा मार्ग आखाताच्या अरबी बाजूस न्यावा लागला.

एवढे करूनही मुंबईकडची विलायती टपाल विमानाने कराचीपर्यंतच येई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून ती घेऊन सकाळी कराचीहून निघाले, व अहमदाबादेस थांबून दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ती बल्लारीमार्गे मद्रासेस पोहोचविली. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत सर्व कारभार पुण्यास हलवावा लागे. हे धाडस सरकारी आश्रयाने नव्हे, तर खाजगी हिमतीने झाले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

स्वातंत्र्यानंतर अवघ्या दहा महिन्यांत, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे चार इंजिनांचे कॉन्स्टलेशन विमान मुंबईहून लंडनला निघाले, आणि त्यास कैरो व जिनिव्हा हे दोनच थांबे पुरले. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने या मार्गावर आली. आज हा प्रवास न थांबता नऊ-दहा तासांत होतो, मात्र पश्चिम आशियात युद्ध पेटले की विमानांना अजूनही वळसा घ्यावा लागतो.

या मार्गाचा साद्यंत इतिहास मराठीत कोणी तरी लिहावा, आणि त्यात वैमानिकांच्या नावांबरोबर, वाळवंटात तास काढणाऱ्यांना व अहमदाबादेस पेट्रोलचे डबे आणणाऱ्या गाडीवानालाही जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे.