भोंग्याचे युनिट

भोंग्याचे युनिट हा भोंगा प्रकारच्या ध्वनिक्षेपकाचा, विद्युत संकेताचे ध्वनीत रूपांतर करणारा भाग होय. तो भोंग्याच्या मागील टोकास आट्यांनी बसवलेला असतो. भोंगा पूर्णपणे बंद पडतो किंवा घरघरतो तेव्हा दोष पुष्कळदा या युनिटातील पडद्यात सापडतो. पडदा निकामी होण्याचे कारण मात्र बहुतेक वेळा युनिटाच्या बाहेर असते. युनिटाच्या दुरुस्तीत पडदा बदलण्याइतकेच हे कारण शोधणेही महत्त्वाचे आहे.

रचना आणि कार्य

युनिटात एक गोल चुंबक असून त्याच्या मध्यभागी अतिशय अरुंद, वर्तुळाकार फट असते. या फटीत बारीक तारेचे वेटोळे (कॉईल) अधांतरी राहते. वेटोळे एका घुमटाकार पडद्यास (डायफ्राम) चिकटवलेले असते. हा पडदा रेझिनने कडक केलेल्या कापडाचा, प्लास्टिकचा किंवा टायटॅनियमसारख्या धातूचा असतो. वेटोळ्यातून बदलता प्रवाह गेला की पडदा पुढेमागे कंप पावतो आणि भोंगा तो कंप बाहेरच्या हवेपर्यंत पोहोचवतो.

भोंग्याच्या गळ्यातील हवेचा भार पडद्यावर सतत असतो. या भारामुळेच हाताच्या तळव्याएवढा पडदा शिवारापलीकडे ऐकू जाईल असा आवाज देतो आणि मर्यादेबाहेर हलतही नाही. परंतु प्रत्येक भोंग्यास एक खालची कंप्रतामर्यादा असते. तिच्याखालच्या जड स्वरांना हा भार मिळत नाही व पडदा मोकाट हलू लागतो. भोंगा काढून नुसते युनिट वाजवून पाहणे याच कारणाने घातक ठरते.

अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे मोठ्या जमावासमोर भोंग्याच्या ध्वनिक्षेपकाचे प्रात्यक्षिक केले. आजच्या युनिटाशी जुळणारी रचना बेल प्रयोगशाळेतील वेन्टे आणि थुरास यांनी १९२६ साली सिद्ध केली. तत्त्व आजही तेच आहे.

बीड जिल्ह्यातील वापर

बीड जिल्ह्यात अखंड हरिनाम सप्ताह, यात्रा, लग्नकार्ये आणि ग्रामपंचायतीच्या सूचना यांसाठी भोंगा वापरला जातो. नारायणगड, पाटोदा तालुक्यातील गहिनीनाथगड, मन्मथस्वामींचे कपिलधार आणि परळी वैजनाथ ही येथील मोठी उत्सवस्थाने. सप्ताहात पहाटेचा काकडा, दिवसा पारायण, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा क्रम असल्याने संच कित्येक तास चालू राहतो. मध्येच युनिट बंद पडले, की तालुक्याच्या गावाहून पडदा आणून कीर्तनापूर्वी तो बसवण्याची धांदल उडते. या धांदलीत कारण पाहायचे राहून जाते आणि नवा पडदाही त्याच रात्री जातो.

पखवाज हे अशा बिघाडाचे सहसा लक्षात न येणारे कारण आहे. अंबाजोगाई तालुक्यातील आपेगाव हे पखवाजासाठी प्रसिद्ध गाव. तेथील शंकरबापू आपेगावकर यांना १९८६ साली पद्मश्री मिळाली. पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या अंगाचा घुमारा कीर्तनाचा प्राण असला, तरी त्यातील खालचे स्वर भोंग्याच्या मर्यादेखाली जातात. ते श्रोत्यांपर्यंत नीट पोहोचत नाहीत, पडद्याला मात्र प्रत्येक थापेसरशी ताण बसतो.

दोषाचा शोध

संशय प्रथम युनिटवर येतो, पण तपासणी तारेपासून करावी. झाडावरून किंवा कळसावरून आणलेली तार सांध्यापाशी तुटलेली किंवा गंजलेली आढळणे ही नित्याची गोष्ट आहे. चालू असलेल्या भोंग्याचे युनिट बंद भोंग्यावर लावून पाहिल्यास दोष तारेत आहे की युनिटात, हे लगेच उमगते. अशी अदलाबदल करण्यापूर्वी ध्वनिवर्धक (अँप्लिफायर) बंद करणे आवश्यक आहे, कारण १०० व्होल्टच्या लाइनचा धक्का जिवावर बेतू शकतो.

युनिट सोडवून मल्टिमीटरने रोध मोजावा. युनिटवर १६ ओहम लिहिलेले असले, तरी मीटरवर त्याहून काहीसा कमी, साधारण ११ ते १४ ओहम, आकडा दिसतो. तो दोष नव्हे. मीटर काहीच दाखवत नसेल तर वेटोळे किंवा त्याची जोडतार तुटलेली आहे. आकडा फारच कमी असेल तर वेढे एकमेकांस चिकटले आहेत. मीटर जवळ नसल्यास दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. चांगल्या युनिटातून ‘खट’ असा आवाज येतो. रोध योग्य असूनही आवाज घासल्यासारखा येत असेल, तर वेटोळे फटीत एका बाजूस टेकत आहे किंवा फटीत लोखंडाचा कीस अडकला आहे.

जुना पडदा फेकण्यापूर्वी नीट निरखावा. वेटोळे सर्वत्र काळे पडून वास येत असेल, तर क्षमतेपेक्षा अधिक शक्ती गेली. वेटोळे स्वच्छ पण पडद्याला तडा किंवा जोडतार तुटलेली असेल, तर खालच्या स्वरांनी तो प्रमाणाबाहेर हलला. हिरवट-पांढरी बुरशी दिसली, तर पाणी शिरले आहे.

लाइन ट्रान्सफॉर्मर न वापरता युनिट थेट १०० व्होल्टच्या टोकाला जोडणे ही सर्वांत महागडी चूक. १६ ओहमच्या, ४० वॅटच्या युनिटास पूर्ण शक्तीसाठी सुमारे २५ व्होल्ट पुरतात. १०० व्होल्टवर हिशेबाने ६२५ वॅट होतात. जनरेटरचा दाब कमी असला, तर ध्वनिवर्धकाचा आवाज लवकर फाटतो. आवाज कमी वाटतो म्हणून बटण आणखी फिरवले जाते आणि वेटोळे तापते. मायक्रोफोनची लांब शिट्टीही तेच करते.

पडदा बदलणे

युनिट उघडण्यापूर्वी जागा स्वच्छ करावी. लोखंडी कीस पडलेल्या टेबलावर हे काम करू नये. मागचे झाकण काढून पडद्याचे स्क्रू सैल करावेत आणि पडदा सरळ वर उचलावा. चुंबकाचे भाग कधीही वेगळे करू नयेत. फट एकदा बिघडली की ती पूर्ववत होत नाही. चिकटपट्टीची घडी फटीत फिरवून कीस व जळकी धूळ काढावी. फुंकर मारल्यास कीस चुंबकालाच चिकटून बसतो.

नवा पडदा त्याच मापाचा व त्याच ओहमचा असावा. तो बसवताना समोरासमोरचे स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळावेत. मग युनिट भोंग्यावर चढवून मंद आवाजात सुमारे ५०० ते ३००० हर्ट्झचे स्वर वाजवावेत. घासल्याचा आवाज आल्यास स्क्रू सैल करून पडदा किंचित सरकवावा.

कीर्तनासाठी मिक्सरवरील खालचे स्वर कमी करावेत आणि पखवाजाला शक्य तर पेटीचा स्पीकर द्यावा. १६ ओहमच्या युनिटाशी मालिकेत ३३ मायक्रोफॅरडचा, ध्रुवता नसलेला कपॅसिटर जोडल्यास सुमारे ३०० हर्ट्झखालचे स्वर उत्तरोत्तर क्षीण होतात. आवाज थोडा पातळ होतो, पण कीर्तनकाराचे शब्द स्पष्ट राहतात. ट्रान्सफॉर्मर असल्यास हा कपॅसिटर त्याच्या आणि युनिटाच्या मधे येतो. पावसाळ्यात भोंग्याचे तोंड किंचित खाली झुकवावे, म्हणजे आत आलेले पाणी युनिटाकडे न जाता बाहेर पडते.