लंडन शहराच्या पोटांतील लोंदिनियम

लंडनच्या ज्या भागास तेथील लोक नुसतें 'सिटी' म्हणतात तो क्षेत्रानें अवघा एक चौरस मैलाच्या आसपास आहे. पेढ्या, विमा-कचेऱ्या व कांचेचे मनोरे यांनीं तो इतका गजबजलेला आहे कीं, याच भूमीवर रोमन लोकांनीं सुमारें साडेतीन शतकें एक शहर नांदतें ठेविलें होतें, हें वाटेनें जाणाऱ्यास सांगूनहि खरें वाटूं नये. त्या शहराचें नांव लोंदिनियम. इ. स. ४३ मध्यें सम्राट क्लॉडियसच्या सैन्यानें ब्रिटनवर स्वारी केली. त्यानंतर चार-पांच वर्षांतच टेम्स नदीच्या उत्तर तीरावर ही वसाहत उभी राहिली. पोल्ट्री नांवाच्या रस्त्यावरील उत्खननांत एक लांकडी गटार लागलें. त्याच्या फळ्यांतील वार्षिक वलयें मोजून इ. स. ४७ हें साल निघालें आहे. शहराच्या जन्माचा याहून जुना पुरावा मागण्याची गरज नाहीं.

जळालेल्या, पडलेल्या घरांच्या मातीवर पुन्हां घरें बांधण्याचा क्रम जवळजवळ दोन हजार वर्षें चालल्यामुळें रोमन जमीन आजच्या रस्त्याखालीं कांहीं ठिकाणीं २० फुटांहूनहि खोल गेली आहे. म्हणून येथें अवशेष पाहणें म्हणजे बहुधा जिने उतरणें होय. कोणाच्या तळघरांत भिंत, कोणाच्या दुकानाखालीं पाया, कोठें देवळाखालीं फरशी, अशा तुकड्यातुकड्यांनीं तें शहर जुळवावें लागतें. फाटलेल्या दफ्तराचे बंद लावण्याची ज्यांस संवय आहे त्यांस या खटाटोपाचें नवल वाटणार नाहीं.

आरंभ टॉवर हिल येथून करावा. भुयारी रेल्वेच्या स्टेशनाबाहेर पडतांच तटाचा जो तुकडा दिसतो तो सुमारें ३५ फूट उंच आहे. परंतु त्यांतील खालचे साडेचौदा फूट तेवढे रोमन, वरचें काम मध्ययुगीन. सांधा ओळखणें कठीण नाहीं. रोमन गवंड्यांनीं केंट प्रांतांतील करड्या दगडाच्या घडीव थरांमधून ठराविक अंतरानें तांबड्या चपट्या विटांचे पट्टे घातले आहेत. वरच्या कामांत तसा नेम नाहीं. हा तट इ. स. २०० च्या सुमारास बांधला गेला व जमिनीच्या बाजूनें त्याची लांबी सुमारें दोन मैल होती. लंडनच्या आसपास बांधकामाचा दगड मिळत नाहीं. तो सर्व नावांतून आणिला. सन १९६२ मध्यें ब्लॅकफ्रायर्स येथें नदीच्या गाळांत एक रोमन नौका सांपडली, तिच्यांत हाच दगड भरलेला होता. तटाजवळ सम्राट ट्राजनचा एक पुतळा उभा केला आहे. तो अर्वाचीन असून या तटाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. प्रवासी मात्र छायाचित्र त्याचेंच आधीं घेतात.

येथेंच एका स्मारकशिलेची प्रतिकृति बसविली आहे. मूळ शिळा ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. तिचा इतिहास आमच्या वाचकांनीं मुद्दाम ऐकण्यासारखा आहे. उत्तररोमनकाळांत तटाला बुरूज जोडले तेव्हां जुन्या थडग्यांचे दगड त्यांत सरसकट घातले गेले. सन १८५२ मध्यें अशाच एका बुरुजांतून लेखाचा वरचा भाग निघाला. त्यांत आल्पिनस क्लासिशियानस एवढें नांव वाचतां येत होतें. चार्ल्स रोच स्मिथ हा धंद्यानें औषधविक्या. पण शहरांत गटारांचें व पुलाचें काम चालू असतां मजुरांच्या मागें हिंडून त्यानें जो संग्रह केला तो पुढें सन १८५६ मध्यें ब्रिटिश म्यूझियमनें विकत घेतला. टॅसिटसनें उल्लेखिलेला ब्रिटनचा दिवाण क्लासिशियानस तो हाच, असें अनुमान या गृहस्थानें केलें. पुढील कांहीं पंडितांस तें मान्य झालें नाहीं. सन १९३५ मध्यें, म्हणजे ८३ वर्षांनीं, त्याच ठिकाणीं बांधकाम चालू असतां शिळेचा खालचा भाग सांपडला. त्यावर ब्रिटन प्रांताचा प्रोक्युरेटर, म्हणजे जमाबंदीचा मुख्य अधिकारी, हा हुद्दा व 'इंडसची कन्या' पकाटा या पत्नीचें नांव स्पष्ट होतें. औषधविक्याचें अनुमान खरें ठरलें.

या शिळेचें महत्त्व एवढ्यावर संपत नाहीं. इ. स. ६० किंवा ६१ मध्यें आइसिनाय लोकांची राणी बूडिका हिनें बंड करून कोलचेस्टर, लोंदिनियम व व्हेरुलेमियम हीं तीन शहरें जाळलीं. सुभेदार स्वेटोनियस पॉलिनस यानें बंड मोडलें व नंतर प्रजेचा कठोरपणें सूड घेण्यास आरंभ केला. नवा दिवाण क्लासिशियानस यानें सुभेदार बदलावा असें बादशहास लिहून कळविलें. टॅसिटस हें खाजगी वैरावर घालतो. परंतु टॅसिटसचा सासरा अॅग्रिकोला हा याच स्वेटोनियसच्या हाताखालीं ब्रिटनमध्यें नोकरीस होता, ही गोष्ट त्याचा ग्रंथ वाचतांना विसरतां कामा नये. आतां शिळा काय सांगते तें पाहावें. इंडस हा गॉल देशांतील ट्रेव्हेरी जमातीचा सरदार होता, इ. स. २१ च्या बंडांत तो रोमच्या बाजूनें लढला. असा सासरा असलेला दिवाण स्वतःहि गॉलकडीलच असावा असें मानण्यास आधार आहे. जिंकलेल्या प्रजेंतून वर आलेल्या मनुष्यास उद्ध्वस्त प्रांताचा वसूल कशानें बुडतो हें सेनापतीपेक्षां अधिक कळलें असल्यास त्यांत वैर शोधण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. बखरकाराचा शब्द व समकालीन लेख यांत विरोध आला असतां कोणत्या बाजूस झुकावें हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें नको.

नदीच्या बाजूनें पश्चिमेकडे जातां लोअर टेम्स स्ट्रीटवरील एका कचेरीच्या इमारतीखालीं रोमन घर व त्याचें स्नानगृह आहे. सन १८४८ मध्यें कोळशाच्या बाजाराची इमारत बांधतांना तें उघडें पडलें व तेव्हांच जपून ठेविलें गेलें. फरशीखालीं विटांचे खुजे खांब रचून त्यांमधून भट्टीची ऊन हवा फिरविण्याची योजना येथें अगदीं समजण्यासारखी शिल्लक आहे. मात्र हें स्थळ ठराविक दिवशीं मार्गदर्शकासहच पाहावयास मिळतें. छप्पर कोसळून पडलेल्या ढिगाऱ्यांत एक सॅक्सन स्त्रियांच्या वापरांतील पिन सांपडली. ओसाड शहरांत कोणी परकी बाई भिंतींवर चढली असतां तिच्या वस्त्रावरून ती गळाली, असा तर्क करतात. तो मोहक आहे, पण एका पिनेवर याहून अधिक इमारत चढवूं नये.

ग्रेसचर्च स्ट्रीटच्या आसपास लोंदिनियमचा चौक व न्यायसभा होती. दुसऱ्या शतकांतील न्यायसभेची लांबी सुमारें ५५० फूट होती. आल्प्सच्या उत्तरेस एवढी दुसरी नव्हती. तिच्या एका खांबाचा पाया आज केशकर्तनाच्या दुकानाखालील तळघरांत आहे. सन २०२५ मध्यें त्याच रस्त्यावर आणखी एका कचेरीखालीं पहिल्या शतकांतील धाकट्या न्यायसभेचे पाये लागल्याचें प्रसिद्ध झालें. गिल्डहॉलखालीं सन १९८८ मध्यें रंगमंडल सांपडलें, इ. स. ७० च्या सुमारास तें प्रथम लांकडी बांधलें, पुढें दगडी केलें. वरच्या अंगणांत काळ्या दगडांची वर्तुळाकार रेघ आंखून त्याचा घेर दाखविला आहे, ही युक्ति अनुकरणीय वाटते. वायव्येकडील तटाला जें विचित्र वळण आहे त्याचा उलगडा दुसऱ्या महायुद्धांतील बाँबफेकीनें पडलेल्या घरांच्या जागीं डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनीं खणलें तेव्हां झाला: तेथें आधीं इ. स. १२० च्या सुमाराचा लष्करी किल्ला होता व नगराचा तट त्याच्या दोन भिंतींस येऊन मिळाला. त्याच बाजूस, जमिनीखालीं मोटारी ठेवण्याच्या तळांत, तटाचा एक लांब तुकडा गाड्यांच्या रांगेंत मुकाट्यानें उभा आहे.

आतां वॉलब्रुक. या नांवाचा ओढा शहराच्या मधून वाहत असे. आज तो पूर्ण बुजला आहे. सन १८८९ मध्यें या भागांत वृषभवध करणाऱ्या मिथ्र देवाची एक कोरीव शिळा निघाली. ती दुसऱ्या ऑगस्टन पलटणीच्या उल्पियस सिल्व्हानस नांवाच्या निवृत्त शिपायानें अर्पण केली होती. शिळा संग्राहकाच्या हातीं गेली, पण ती नेमकी कोणत्या थरांतून व कोणत्या भिंतीजवळून निघाली याचें टिपण नसल्यामुळें तिच्यावरून मंदिर कोणासहि शोधतां आलें नाहीं. सन १९५४ मध्यें ग्राइम्स यांच्या खोदकामांत तिसऱ्या शतकांतील तें मंदिरच उघडें झालें. १८ सप्टेंबर रोजीं मिथ्राचें संगमरवरी मस्तक सांपडलें व तें पाहण्यास लोकांच्या रांगा लागल्या. इमारत तर बांधावयाची होती. मग मंदिराचे दगड उचलून, सन १९६२ मध्यें सुमारें १०० यार्डांवर, रस्त्याच्या पातळीस, सिमेंटमध्यें ते पुन्हां रचले. जमिनीच्या पोटांतील अंधाऱ्या उपासनागृहाचा असा उघडा ओटा झाला! सन २०१७ पासून तें मूळ जागेच्या अगदीं जवळ, मूळच्या खोलीवर, पुन्हां मांडलेलें पाहावयास मिळतें, व ही दुसरी मांडणी पहिलीपेक्षां पुष्कळच प्रामाणिक आहे. तरी पहिल्या खेपेस नाहीसें झालें तें परत आलें नाहीं.

या दुसऱ्या मांडणीपूर्वीं, सन २०१० ते २०१४ या काळांत, तेथें जें उत्खनन झालें त्यांत आमच्या दृष्टीनें मंदिराहूनहि मोलाचा ठेवा सांपडला. ओढ्याच्या ओल्या चिखलांत ४०५ लांकडी लेखनपट्टिका निघाल्या. पट्टिका म्हणजे उथळ खांचेची फळी. खांचेंत काळें केलेलें मेण भरून त्यावर लोखंडी लेखणीनें लिहावयाचें व मेण सारखें करून पुन्हां वापरावयाचें, आपल्या धूळपाटीसारखें. लांकूड बहुतेक परदेशांतून आलेल्या जुन्या पिंपांच्या फळ्यांचें. मेण कधींच गेलें. लेखणीचें टोंक जेथें लांकडापर्यंत पोंचलें तेथील ओरखडे तेवढे उरले, आणि एकाच फळीवर दोन-तीन वेळां लिहिलें असल्यास ते एकमेकांत गुंतलेले. निरनिराळ्या बाजूंनीं तिरपा प्रकाश टाकून छायाचित्रें घेऊन रॉजर टॉमलिन यांनीं ८० हून अधिक पट्टिका वाचल्या व सन २०१६ मध्यें त्या प्रसिद्ध झाल्या. घाईच्या मोडींतील, पुसट शाईचा, मोडलेल्या घडीवरचा कागद ज्यांनीं लावला आहे त्यांनाच या श्रमाची किंमत कळेल.

त्यांतील एक कर्जरोखा आहे. नीरोच्या दुसऱ्या व कॅल्पुर्नियस पिसोच्या पहिल्या कॉन्सल-वर्षीं, जानेवारीच्या 'आयडीझ'पूर्वीं सहाव्या दिवशीं तो लिहिला. जानेवारीचा आयडीझ १३ वा. दोन्ही टोंकें धरून उलट मोजल्यास ८ जानेवारी, इ. स. ५७ ही तारीख येते. व्हेनुस्टसचा मुक्त केलेला दास टिबुलस हा स्पुरियसचा मुक्त केलेला दास ग्रेटस याला विकत घेतलेल्या व पोंचलेल्या मालाबद्दल १०५ डिनेरियस देणें लागतो, एवढाच मजकूर. (याच नाण्याच्या नांवावरून आपल्याकडील प्राचीन लेखांत 'दीनार' हा शब्द आला.) लोंदिनियमला वसाहतीचा दर्जा नव्हता, तरी व्यापारी व माल यांनीं तें गजबजलें होतें, असें टॅसिटस बंडाच्या प्रसंगीं म्हणतो. त्याला हा रोखा बंडापूर्वींच्या तीन-चार वर्षांतला, प्रत्यक्ष बाजारांतला साक्षीदार मिळाला. येथें टॅसिटस खरा ठरतो, हें नमूद करणें न्याय्य होय.

दुसरी पट्टिका २१ ऑक्टोबर, इ. स. ६२ ची. मार्कस रेनियस व्हेनुस्टस व गेयस व्हालेरियस प्रोक्युलस यांच्यामध्यें करार झाला कीं, व्हेरुलेमियमहून लोंदिनियमला १३ नोव्हेंबरपर्यंत धान्यसामुग्रीचीं २० ओझीं आणून पोंचवावीं. हीं दोन्ही शहरें जळून दोन वर्षें झालीं न झालीं तोंच त्यांच्यामध्यें मुदतीचे करार, भाडें व वाहतूक सुरू झालेली आहे! लंडनच्या मातींत त्या आगीचा तांबडा थर ठिकठिकाणीं लागतो. त्यावरून शहर ओसाड पडल्याची कल्पना सहज होते. या एका फळीनें ती पुष्कळ आवरावी लागेल. क्लासिशियानसनें बादशहास जी शिफारस केली तिचें फळ हेंच असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण त्याच्या कारकीर्दीच्या सुमाराचें हें चित्र आहे एवढें खास.

इतर पट्टिकांवर मद्य करणारा टर्शियस आहे, पिंपें बांधणारा ज्युनियस आहे. त्याचा पत्ता 'कॅटुलसच्या घरासमोर' असा दिला आहे. एकीवर कोणी मुळाक्षरें गिरविलीं आहेत. एका पत्रांत कोणी आपल्या स्नेह्यास बजावतो कीं, तूं त्यांस पैसे उसने दिलेस अशी बढाई ते साऱ्या बाजारांत मारीत आहेत. हीं नांवें कोणत्याहि इतिहासग्रंथांत नाहींत. आणि इ. स. ६५ ते ८० च्या दरम्यानच्या एका पट्टिकेच्या बाहेरच्या अंगावर, जेथें पत्ता लिहीत तेथें, 'लोंदिनियम येथें, मोगोंटियस यास' असें आहे. लंडनचें नांव लिहिलेलें याहून जुनें अस्सल सांपडलेलें नाहीं. आंतील मजकुराचें मेण गेलें. पत्ता तेवढा राहिला.