घरोघरी नवजात बालसेवा

घरोघरी नवजात बालसेवा : जन्मल्यापासून 28 दिवसांपर्यंतच्या बाळाची देखभाल, आजाराची पारख आणि प्राथमिक उपचार हे सारे त्याच्या घरी, गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीच्या हातून करण्याची पद्धती. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ती 1990 नंतरच्या दशकात गडचिरोली जिल्ह्यात विकसित केली आणि गावोगावच्या चाचणीतून तिचा परिणाम सिद्ध केला. आज सरकारची गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे ‘आशा’, बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, बाळाचे वजन करते, ताप पाहते. या कामाचे मूळ गडचिरोलीच्या त्या चाचणीत आहे.

पार्श्वभूमी : गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. जंगल, भातशेती, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि गोंड-माडिया वस्ती असा हा मुलूख. बंग दांपत्य वैद्यकीय शिक्षणानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परत येऊन 1986 मध्ये त्यांनी येथे काम सुरू केले. त्यांचे पहिले गाजलेले संशोधन बाळांविषयी नव्हते. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची त्यांनी तपासणी केली, तेव्हा 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. तपासलेल्यांपैकी जेमतेम 8 टक्के स्त्रियांची अशी तपासणी पूर्वी कधी झाली होती. हा निबंध 1989 मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढ्यावर तोवर भागवले जात होते. दुखणे अंगावर काढणाऱ्या बाईला कोणी विचारलेच नव्हते, हे त्या आकड्यांतून उघड झाले.

संस्थेचे रुग्णालयही लोकांची अडचण ओळखूनच आकाराला आले. पांढरे कपडे, लांबलचक वॉर्ड आणि नातलगांना दाराबाहेर ठेवण्याची शिस्त यांची आदिवासींना धास्ती वाटत असे. म्हणून ‘शोधग्राम’ या संस्थेच्या परिसरातील रुग्णालय गोंडांच्या झोपड्यांसारखे बांधले गेले. रुग्णाबरोबर घरच्यांनाही तेथे राहता येते. रुग्णालयाला दंतेश्वरी देवीचे नाव आहे.

न्यूमोनियाची चाचणी : मुलांच्या मृत्यूंची गावनिहाय नोंद ठेवल्यावर न्यूमोनिया हे मोठे कारण म्हणून पुढे आले. 58 गावांत आरोग्य कार्यकर्त्यांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखून कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक देण्यास शिकवण्यात आले, तर तुलनेसाठी निवडलेल्या 44 गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या 612 रुग्णांत मृत्यूचे प्रमाण 0.8 टक्के होते. तुलनेच्या गावांत ते 13.5 टक्के. वर्षभरानंतरचा अर्भकमृत्यूदर एकीकडे हजारी 89 आणि दुसरीकडे 121 होता. हे निष्कर्ष 1990 मध्ये प्रसिद्ध झाले.

श्वासमापक : वरच्या आकड्यांमागे एक साधी अडचण होती, आणि तिच्यावरचा तोडगा थोड्या विस्ताराने सांगण्यासारखा आहे. न्यूमोनियाची खूण म्हणजे जोराचा श्वास. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला 60 किंवा अधिक, त्याहून मोठ्या तान्ह्याचे 50 किंवा अधिक श्वास झाले, की संशय घ्यायचा. पण अक्षरओळख नसलेल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नव्हते आणि घड्याळही वाचता येत नव्हते. तिच्यासाठी मण्यांच्या दोन ओळींचे आणि एक मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचे एक साधन तयार झाले. एक ओळ दोन महिन्यांखालील बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यासाठी. घड्याळ उलटायचे, बाळाच्या पोटाकडे नजर ठेवायची आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत तर तिला येतच होते. साधन घडवताना निरक्षर बाईला काय येते याचा हिशेब आधी मांडला गेला, आणि या साऱ्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

नवजात बाळांचा अभ्यास : न्यूमोनियाचे मृत्यू घटले, पण पहिल्या महिन्यातले मृत्यू पुरेसे हटेनात. त्या वेळचा वैद्यकीय समज असा, की आजारी नवजात बाळाची जागा रुग्णालयात, काचेच्या पेटीत. गडचिरोलीतली बाळे बहुतांशी घरीच जन्मत आणि रुग्णालयात पोहोचतच नसत. 1995-96 मध्ये 39 गावांतल्या 763 नवजात बाळांची घरी जाऊन बारकाईने पाहणी झाली. त्यांपैकी 54.4 टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली होती 2.6 टक्के बाळांना. गरज आणि सेवा यांमधली ही दरी कागदावर येईपर्यंत धोरणाच्या चर्चेत ती जणू अस्तित्वातच नव्हती.

त्यानंतर पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले. प्रसूतीच्या वेळी सुईण आईकडे पाही आणि आरोग्यदूत बाळाकडे. न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, बाळ उबदार पिशवीत गुंडाळणे, लगेच अंघोळ न घालणे, पहिल्या तासात अंगावर पाजणे, वजन काट्यावर तोलणे ही कामे तिने करायची. गावातलीच असल्यामुळे बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत तिला आडकाठी नसे. शिवाय रात्री-अपरात्री हाक मारली, तर ती येण्यासारख्या अंतरावर असे.

सर्वांत वादाचा भाग जंतुदोषाच्या उपचाराचा होता. रक्तात जंतू पसरल्याचे निदान प्रयोगशाळेविना कसे करायचे? त्यासाठी आईलाही दिसतील अशा खुणा निवडल्या गेल्या : आधी नीट पिणारे बाळ पिईनासे झाले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, अंग गार किंवा तापलेले लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, पोट फुगले किंवा उलट्या होऊ लागल्या, बेंबीत पू झाला. यांतल्या काही खुणा एकाच वेळी दिसल्या, की आधी रुग्णालयात नेण्याचा सल्ला द्यायचा. घरचे तयार नसले, तर त्यांच्या संमतीने जेन्टामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमॉक्साझोल द्यायचे. खेड्यातल्या बाईने नवजात बाळाला सुई टोचायची, ही कल्पना अनेक डॉक्टरांना रुचली नाही. त्यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही, पण त्या गावांत प्रत्यक्षात दुसरा पर्याय काहीच न करण्याचा होता. जंतुदोष झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आले.

एकूण नवजात मृत्यूदर या 39 गावांत हजारी 62 वरून सुमारे 25 पर्यंत उतरला. तुलनेच्या 47 गावांत तो साठीच्या आसपासच राहिला. तिसऱ्या वर्षातली निव्वळ घट 62 टक्के होती. दर बाळामागे खर्च आला 5.3 डॉलर. डिसेंबर 1999 मध्ये हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रसार : यशाचे श्रेय एका संस्थेच्या निष्ठेला आहे की पद्धतीला, हा रास्त प्रश्न होता. त्याची पारख महाराष्ट्रातल्याच सात स्वयंसेवी संस्थांच्या क्षेत्रांत ‘अंकुर’ प्रकल्पातून झाली आणि तेथेही नवजात मृत्यूदर निम्म्याच्या आसपास घटला. बांगलादेशातील सिल्हट जिल्ह्यात झालेल्या स्वतंत्र चाचणीत 34 टक्के घट दिसली (2008). दरम्यान, 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी दप्तरात पुरेसे नोंदवलेच जात नाहीत, हे आकडेवारीनिशी मांडले. गावकऱ्यांना सोबत घेऊन मृत्यू मोजणे हेही लोकशिक्षणच होते, आणि शासनाला ते बरेच झोंबले.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2009 मध्ये नवजात बाळांच्या गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. भारत सरकारने 2011 मध्ये हा कार्यक्रम देशभर आशांमार्फत सुरू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा, घरी जन्मलेल्यासाठी सात भेटी ठरल्या. शेवटची 42 व्या दिवशी. नमुना नोंदणी पाहणीनुसार देशाचा नवजात मृत्यूदर 2000 मध्ये हजारी 44 होता, तो 2020 मध्ये 20 झाला. यात रुग्णालयातल्या प्रसूतींच्या वाढीचा, नवजात अतिदक्षता कक्षांचा आणि लसीकरणाचाही वाटा आहे. सारे श्रेय गृहभेटींना देता येणार नाही.

सरकारी रूपात एक काटछाट झाली. मूळ पद्धतीतले इंजेक्शन आशेच्या हाती आले नाही. तिने आजार ओळखून बाळाला पुढे पाठवायचे, एवढेच ठरले. 2014 मध्ये विशिष्ट परिस्थितीत जेन्टामायसिन देण्याची मुभा मिळाली, तीही परिचारिकांना. रस्ता आणि वाहन असलेल्या तालुक्यात ही काटछाट खपून जाते, पावसाळ्यात तुटणाऱ्या गावात ती महागात पडू शकते. सर्व भेटी वेळेवर होऊन त्यांचा तक्ता पूर्ण भरला, की दर बाळामागे आशेला 250 रुपये मिळतील, असे केंद्राने ठरवले.