वाल्डोचा हात

पुतण्याने आयफोन चिवड्याच्या डब्याला टेकवून उभा केला आणि मला समोर बसवलं. "काका, चेहरा अगदी कोरा ठेवा. काहीच भाव नको." साठी उलटलेल्या माणसाला हे सांगणं सोपं, करणं अवघड. मी जमेल तितका निर्विकार झालो. त्याने बटण दाबलं आणि लॅपटॉपवरच्या शिंगवाल्या राक्षसाने माझ्याबरोबर भुवई उचलली. मी गाल फुगवले, त्याने फुगवले. मी जीभ काढली, त्याचीही बाहेर आली.

त्याआधी वीस मिनिटं काहीच होत नव्हतं. फोन पाहुण्यांच्या वायफायवर आणि लॅपटॉप घरच्या वायफायवर, एवढंच कारण. दोघं एकाच छपराखाली असून एकमेकांना ओळखत नव्हते.

या करामतीमागच्या प्लगिनचं नाव लाइव्ह लिंक. ते एपिक गेम्सच्या अनरिअल इंजिनमध्ये बसतं, आणि एपिकचं मुख्यालय आमच्याच भागात, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात आहे. फोनसाठीचं त्यांचं ॲप २०२० साली आलं. फोनचा कॅमेरा चेहऱ्याचे ५२ हावभाव ओळखतो आणि प्रत्येकाला शून्य ते एकमधला आकडा देतो: डावी पापणी इतकी मिटली, जबडा इतका उघडला. मान आणि बुबुळं धरून होतात ६१ आकडे. ते सेकंदाला कितीतरी वेळा संगणकाच्या १११११ क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, जाऊन पडतात. चित्र जात नाही, चेहरा जात नाही, नुसते आकडे जातात. प्लगिन ते उचलून राक्षसाच्या स्नायूंना जोडतं.

हे कुठून आलं असं विचारलं की ठरलेली वंशावळ ऐकायला मिळते. फ्रान्सच्या मारेने १८८० च्या दशकात माणसाला काळे कपडे घालून त्यांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि चालण्याची छायाचित्रं घेतली. न्यूयॉर्कच्या मॅक्स फ्लायशरने भावाला विदूषकाच्या वेषात नाचवलं, त्या फिल्मवरून चित्रं गिरवली आणि १९१७ साली रोटोस्कोपचं पेटंट मिळवलं. पुढे चेंडूएवढे ठिपके लावलेले नट, मग सिनेमातला गॉलम. ही वंशावळ खोटी नाही, पण ती दुसऱ्या घराण्याची आहे. मारे आणि फ्लायशर हालचाल पकडून ठेवत होते. आज नाचा, पुढच्या महिन्यात रेखाटू. माझा राक्षस मात्र माझ्याबरोबर जीभ काढतो. पकडणं हे कॅमेऱ्याचं काम, पाठवणं हे दोरीचं. मला शोधायचा होता तो दोरीचा वंश.

धागा हाती लागला तो योगायोगानेच. अंगभर ठिपके लावून हालचाल टिपणाऱ्या स्टुडिओंत ऑप्टिट्रॅकचे कॅमेरे बरेच दिसतात. ही कंपनी ऑरेगनमधल्या कॉर्व्हॅलिसची. तिच्या मोटिव्ह या सॉफ्टवेअरमध्ये माहिती बाहेर पाठवण्याच्या पर्यायांत एक जुनाट नाव आहे: व्हीआरपीएन, दार क्रमांक ३८८३. हे काय म्हणून खणायला गेलो आणि थेट शेजारच्या गावात, चॅपल हिलच्या विद्यापीठात जाऊन पोचलो. केरीहून गाडीने अर्ध्या तासाची वाट.

व्हीआरपीएन तिथे रसेल टेलर आणि सहकाऱ्यांनी घडवलं. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २००१ सालचा. कल्पना साधी आहे. हालचाल मोजणारं यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, समोरच्या प्रोग्रामने फक्त 'ट्रॅकर' मागायचा. नेटवर्कवरून स्थान आणि दिशा येत राहील. यंत्राला चित्र माहीत नाही, चित्राला यंत्र माहीत नाही. लाइव्ह लिंकही नेमकं हेच करतं. पण अशी सोय करायची वेळ त्या लोकांवर आली कशी? ते ॲनिमेशनवाले नव्हतेच. त्यांच्या प्रयोगशाळेत एक अजस्र लोखंडी हात होता.

तो हात शिकागोजवळच्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीच्या घराण्यातला. तिथे अणुइंधन हाताळायचं होतं, आणि जवळ जाईल तो मरेल अशी परिस्थिती. रेमंड गर्ट्झ या अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस जाड भिंतीपलीकडे पोचणारा जोडहात बनवला. अलीकडे माणसाने मूठ वळवायची, पलीकडे पोलादी चिमट्याने वळायचं. सुरुवातीच्या हातांत ही हालचाल पोलादी पट्ट्या, तारा आणि कप्प्यांवरून पलीकडे जाई. म्हणजे भिंतीपलीकडची कळसूत्री बाहुलीच, फक्त हिच्या हातात युरेनियम. १९५४ मध्ये गर्ट्झने विजेवर चालणारा जोडहात केला. त्यात दोरी गेली, विजेचा संदेश आला, आणि पलीकडच्या हाताला बसलेला धक्का अलीकडच्या माणसाला जाणवू लागला.

अशा हातांना अमेरिकेत बोलीत 'वाल्डो' म्हणतात, आणि हा शब्द कुठल्या अभियंत्याचा नाही, कथेतला आहे. रॉबर्ट हाइनलाइनची 'वाल्डो' ही दीर्घकथा ऑगस्ट १९४२ मध्ये 'अस्टाउंडिंग' या मासिकात छापून आली, तीही ॲन्सन मॅकडॉनल्ड या टोपणनावाने. वाल्डोचे स्नायू आजाराने इतके दुबळे की पृथ्वीवर त्याला धड उभंही राहवत नाही. म्हणून तो पृथ्वीभोवती फिरणाऱ्या घरात राहतो आणि हातमोजे घालून दूरचे यांत्रिक हात चालवतो. काही माणसाहून अवाढव्य, काही इतके बारीक की त्यांच्याकडून तो आणखी बारीक हात बनवून घेतो. कथेत यंत्राला नाव आहे लांबलचक पँटोग्राफचं. लोकांनी ते टाकलं आणि माणसाचंच नाव यंत्राला चिकटवलं.

इथे पँटोग्राफवाले माझ्याशी भांडतील. क्रिस्टोफ शायनरने १६०३ मध्येच ते जोडकाठ्यांचं यंत्र केलं होतं: एका टोकाने रेघ गिरवा, दुसरं टोक तीच रेघ मोठी काढतं. मग मूळपुरुष शायनर का नाही? मी त्याला पणजोबा मानतो, वडील नाही. त्याच्या काठ्या एकमेकींना खिळलेल्या. एक टोक दुसऱ्यापासून तोडता येत नाही. आणि माझ्या मते या घराण्याचा खरा जन्म तोडण्यातच आहे.

ते तोडणं घडलं चॅपल हिलला. 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकामुळे संगणकवाल्यांना ठाऊक असलेले फ्रेड ब्रूक्स १९६७ पासून ग्रोप नावाचा प्रकल्प चालवत होते. रेणू एकमेकांत बसताना लागणारी ओढ-ढकल शास्त्रज्ञाला हाताने जाणवावी, हा हेतू. त्यासाठी आर्गॉनचा हात आला. पण जोडहातातलं माणसाच्या बाजूचं टोकच कामाला लागलं; पलीकडच्या चिमट्याच्या जागी संगणक बसला. मूठ वळली की पोलाद वळायचं नाही, आकडे वळायचे. मला विचाराल तर बाहुलीची दोरी त्या दिवशी तुटली, आणि तुटूनही बाहुली नाचत राहिली.

पुढची गोष्ट तर हाइनलाइनने लिहिल्यासारखीच. १९९३ मध्ये टेलर, ब्रूक्स आणि कॅलिफोर्नियातले त्यांचे सहकारी यांनी त्याच आर्गॉन हाताला स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक जोडला. हात हलला की सूक्ष्मदर्शकाची सुई अणूंच्या पातळीवर पृष्ठभाग चाचपत फिरे आणि तिथले उंचवटे शास्त्रज्ञाच्या मुठीला जाणवत. अणूपासून माणूस लांब राहावा म्हणून जन्मलेल्या हाताने माणसाला पुन्हा अणूपाशी नेलं. हात, सूक्ष्मदर्शक, पडदा, डोक्यावरचे ट्रॅकर अशी नाना यंत्रं एकमेकांशी बोलायला लागतात तेव्हा दुभाष्या लागतो. व्हीआरपीएन वाढलं ते या कामातून. म्हणून माझा दावा आहे की मोटिव्हच्या त्या पर्यायात, ३८८३ च्या दारामागे, एक पोलादी हात अजून उभा आहे.

दुसरी शाखा बाहुल्यांची, आणि ती तर नावासकट आली. मपेट्स बाहुल्यांच्या जिम हेन्सनच्या मंडळींनी हातात घालायचं एक नियंत्रक यंत्र केलं आणि त्याला वाल्डोच म्हटलं. तळवा उघडला की बाहुलीचं तोंड उघडतं. १९८९ च्या 'द जिम हेन्सन अवर'मध्ये वाल्डो सी. ग्राफिक नावाचं संगणकी पात्र होतं. स्टीव्ह व्हिटमायर कापडी मपेट्सच्या शेजारी उभा राहून वाल्डो हलवायचा आणि पडद्यावरची ओबडधोबड आकृती त्याच क्षणी नाचायची; सुबक चित्रं पॅसिफिक डेटा इमेजेस नंतर तयार करी. हेन्सन कंपनीच्या अशा नियंत्रण पद्धतीला १९९२ चं अकादमीचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. २०१६ च्या मे महिन्यात कार्टूनमधल्या होमर सिम्पसनने अमेरिकी टीव्हीवर प्रेक्षकांच्या प्रश्नांना थेट उत्तरं दिली, तोही याच कुळातला.

ली हॅरिसनचं नाव घेतलं नाही तर जाणकार रागावतील. १९६२ च्या सुमारास ॲनिमॅक नावाच्या यंत्रावर त्याने नर्तकीच्या अंगाला विजेचे मापक बांधले आणि पडद्यावर काडीमाणूस तिच्याबरोबर नाचवला. 'हाड' आणि 'कातडी' हे आजचे शब्द तेव्हाच त्याच्या यंत्रात होते. पहिला तोच, हे मान्य. पण तो निर्वंश गेला. त्याची कंपनी पुढे स्कॅनिमेटकडे वळली आणि माणसाऐवजी अक्षरं आणि चित्रं नाचवू लागली.

आता माझ्या घरचा वाद. सूत्रधार म्हणजे मुळात बाहुल्यांची सूत्रं धरणारा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हे मत मांडणाऱ्यांत पहिले शंकर पांडुरंग पंडित: १८६९ च्या तुकाराम गाथेचे आणि नंतर 'विक्रमोर्वशीया'चे संपादक. सूत्रधार आणि स्थापक (मांडून ठेवणारा) या दोन शब्दांवरून त्यांनी अनुमान काढलं की माणसांच्या नाटकाआधी बाहुल्यांचं नाटक होतं. जर्मनीत रिशार्ड पिशेलने १९०० साली हे मत उचललं आणि बाहुलीनाट्याचं माहेरच भारत असं सांगून टाकलं. तिथल्याच हिलेब्रांट या संस्कृत पंडिताने उलट तपासणी केली: बाहुल्या नाटकाची नक्कल करतात, मग आधी नाटक नको का? दुसरा पक्ष म्हणतो की हे सूत्र बाहुलीचं नव्हेच. ती रंगमंच आखणाऱ्या कारागिराची मोजण्याची दोरी. आणि या पक्षाचा सर्वांत भक्कम साक्षीदार आपल्या गल्लीत बसलेला असतो. मराठीतला 'सुतार' हा त्याच सूत्रधाराचा झिजलेला शब्द मानला जातो, आणि त्याच्या हातात बाहुली नाही, करवत आहे.

मला पंडितांच्या बाजूने लढायचं होतं, पण सुतारापुढे बोलती बंद होते. बाहुलीवाल्याला मराठीने सूत्रधार म्हणून हाक मारलेली मला तरी दिसत नाही. ज्ञानेश्वरीत बाहुलीला सायखडे म्हटलंय. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी आजही लाकडी बाहुल्या नाचवतात (त्यांतले परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली), आणि त्या बाहुल्या आहेत कळसूत्री. या शब्दावर मी अडकलो. कळ म्हणजे यंत्रातली खुबी, आणि सूत्र म्हणजे दोरी. आधी बाहुली घडवावी लागते, सांधे बसवावे लागतात, मग ओढायची. सुतार आणि सूत्रधार दोघंही त्या एका शब्दात शेजारी शेजारी बसलेत.

आणि लाइव्ह लिंकमध्येही. पुतण्याला हे सांगितलं तर तो हसला, पण त्यानेच दाखवलं की प्लगिन दोन तऱ्हेची माहिती घेतं. एक सुरुवातीला एकदाच येते: कोणती हाडं आहेत, त्यांची नावं काय, कोणतं हाड कोणाला जोडलंय. दुसरी मग क्षणाक्षणाला येत राहते: कोण किती वळलं. पहिली सुताराची, दुसरी सूत्रधाराची. हा योगायोग आहे असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पण पंडित आणि हिलेब्रांट यांना आमच्या स्वयंपाकघरात शेजारी बसवलं असतं तर दोघांनाही अर्धा अर्धा विजय मिळाला असता.

एक फरक मात्र राहतो. हे आकडे ज्या यूडीपी नावाच्या वाटेने जातात तिचे नियम १९८० मध्ये लिहिले गेले, आणि तिच्यावर पोच देण्याची पद्धत नाही. एखादा आकड्यांचा गठ्ठा वाटेत हरवला तर कोणी पुन्हा मागत नाही. मागावा तरी कशाला? बैठकीत तबलजीची मात्रा चुकली तर तो थांबून ती पुन्हा वाजवत नाही, पुढच्या समेवर येतो. उशिरा पोचलेली भुवई हरवलेल्या भुवईपेक्षा वाईट दिसते.

पिंगुळीत दोरी तुटली तर बाहुली कोसळते. त्या संध्याकाळी मी राक्षसाला जीभ दाखवत असताना वहिनींचा जेवायला बोलावणारा फोन त्याच आयफोनवर आला आणि ॲप बाजूला पडलं. राक्षस कोसळला नाही. शेवटी पोचलेले आकडे धरून तो तसाच थांबला. आम्ही आमटी-भात खाऊन परत आलो तरी जीभ बाहेरच होती.