‘डफरिन’वरील विद्यार्थी

समुद्र महाराष्ट्राला परका नाहीं. रत्नागिरीकडील खलाशांच्या कित्येक पिढ्या परदेशी आगबोटींवर राबल्या. परंतु त्या खलाशास चढून चढून फार तर सारंग होतां येई. जेथें नकाशा पसरलेला असे व जेथून सुकाणू फिरविण्याचा हुकूम सुटे, तेथें गोरा अधिकारीच उभा असावयाचा. धैर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती रीतसर शिक्षणाची.

ता. ५ एप्रिल १९१९ रोजीं सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ आगबोट मुंबईहून विलायतेस निघाली. जहाज हिंदी मालकीचें झालें. पण त्यावर हिंदी कप्तान कोठून आणावयाचा? १९२२ सालीं सर शिवस्वामी अय्यर यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत हाच प्रश्न उपस्थित केला. पुढील वर्षीं कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखालीं कमिटी नेमली गेली. १९२४ सालच्या अहवालांत तिनें दोन प्रमुख गोष्टी सुचविल्या: हिंदी मुलांसाठीं एक शिक्षणनौका असावी, व किनाऱ्यावरील व्यापार हिंदी जहाजांसाठीं राखून ठेवावा. सरकारनें पहिली स्वीकारली, दुसरी बाजूस ठेवली. म्हणजे शाळा मिळाली, पण शाळेंतून बाहेर पडणाऱ्यांच्या पोटापाण्याची हमी मिळाली नाहीं.

१९०४ सालीं पाण्यांत उतरलेलें, फौजेची ने-आण करणारें ‘डफरिन’ जहाज ह्या कामीं निवडण्यांत आलें व १९२७ सालीं तें माझगांव बंदरासमोर नांगरून पडलें. कॅप्टन डिग्बी-बेस्ट हे तेथील पहिले प्रमुख. निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या जातिधर्मांचीं मुलें मिसरूड फुटण्यापूर्वींच घर सोडून तेथें आलीं. ज्या समाजांत समुद्रपर्यटनाचें प्रायश्चित्त घेतल्याच्या आठवणी अजून ताज्या होत्या, त्या समाजांतील आईबापांस हा निर्णय सोपा गेला नसेल.

शिक्षणक्रम तीन वर्षांचा होता. एकीकडे गणित, विज्ञान व इंग्रजी. दुसरीकडे नौकानयन, होडी वल्हविणें, गांठी मारणें व निशाणांची भाषा. जहाज एका जागीं उभें असलें तरी शिस्त मात्र चालत्या जहाजाची. तीन वर्षें संपलीं म्हणजे कोणी अधिकारी होत नसे. पुढें भर समुद्रांत उमेदवारी करावयाची, आणि त्यानंतर मेटची परीक्षा. ही उमेदवारी देणारें जहाजच न मिळालें तर आधींचें सारें शिक्षण व्यर्थ! सिंदियासारख्या हिंदी कंपनीचें महत्त्व येथें कळून येतें. शाळा आणि जहाज हीं एकाच गाड्याचीं दोन चाकें होतीं.

पहिल्याच तुकडींत रामदास कटारी नांवाचा एक मुलगा होता. हाच मुलगा १९५८ सालीं स्वतंत्र भारताच्या आरमाराचा पहिला भारतीय प्रमुख झाला. ज्या कमिटीनें व्यापारी जहाजांपुरता विचार केला होता, तिच्या शाळेनें आरमारासही सेनापति दिला.

१९७२ सालीं ‘डफरिन’ची जागा ‘राजेंद्र’ जहाजानें घेतली व १९९३ सालीं ही परंपरा नवी मुंबईंतील नेरूळ येथें ‘चाणक्य’ ह्या नांवानें किनाऱ्यावर आली. जुनें जहाज गेलें. परंतु हुकूम ऐकणाऱ्यांच्या देशांतून हुकूम देणारे निर्माण करण्याचें जें काम त्यानें आरंभिलें, तें पुढें चालूच राहिलें.