घड्याळवाला आणि मेंदूचे चित्र

तरुणपणी मी लेथवर काम करीत असता एके दिवशी एक गृहस्थ हाती स्टॉपवॉच घेऊन माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. माझा हात किती सेकंदांत फिरतो ते त्यांनी टिपले, आणि पुढल्या महिन्यात कामाचा कोटा वाढला. त्या घड्याळाचे मूळ शोधीत मी फ्रेडरिक टेलरच्या १९११ सालच्या ग्रंथापर्यंत पोचलो. पण मोजणीची ही कथा कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही. १९२० साली जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठ सोडले आणि तो एका मोठ्या जाहिरात संस्थेत शिरला. मजुराचा हात मोजून झाला होता. आता गिऱ्हाइकाच्या मनाची पाळी होती.

मन मोजायला यंत्र हवे. १९२९ साली जर्मनीत हान्स बर्गरने माणसाच्या मेंदूतील विद्युल्लहरींचे आलेख प्रसिद्ध केले. १९९० नंतर एफएमआरआय आले. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्त अधिक धावते. त्यावरून हे यंत्र चित्र काढते.

२००४ साली ह्यूस्टनच्या रीड मॉन्टेग्यू व सहकाऱ्यांनी ६७ जणांवर कोक-पेप्सीचा प्रयोग प्रसिद्ध केला. नाव झाकले तेव्हा पसंती साधारण सारखी विभागली. कोकचे नाव दाखवताच स्मृतीशी निगडित भागही जागे झाले. २००७ साली स्टॅनफर्डच्या ब्रायन नटसन व सहकाऱ्यांनी २६ जणांना आधी वस्तू, मग किंमत दाखवली. किंमत जबर असली की इन्सुला हा भाग चाळवे. वेदनेशी संबंध जोडला जातो तोच हा भाग. महिनाअखेर किराणा भरणाऱ्या गृहिणीला ही कळ यंत्रावाचून ठाऊक आहे!

मात्र यंत्रापुढे लगेच मान तुकवू नका. २००९ साली क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची चित्रे दाखवली. हिशेबातली आवश्यक दुरुस्ती गाळली, तेव्हा मेलेल्या माशाचा मेंदूही काम करताना दिसला!

घड्याळवाला मला दिसत होता. म्हणून आमच्या युनियनने फेरमोजणी मागितली आणि कोटा उतरवून घेतला. मेंदू मोजणारा गिऱ्हाइकाला दिसत नाही. फ्रान्सने २०११ साली कायदा करून मेंदूचे चित्रण वैद्यक, संशोधन व न्यायालयीन तपासणी एवढ्यापुरतेच ठेवले. मोजणी कोण करतो आणि कशासाठी, हे विचारण्याचा हक्क कामगाराने झगडून मिळवला. गिऱ्हाइकानेही तो मागावा. कारण सकाळी पाळीला जाणारा आणि संध्याकाळी दुकानात उभा राहणारा माणूस एकच आहे.