भुसा खाली, धूळ वर

महाडच्या किंवा पोलादपूरच्या एखाद्या वखारीत गोल करवत चालू असताना पाहावी. टेबलाखाली भुशाचा ढीग साठतो. तो पोत्यांत भरला जातो आणि कामालाही येतो. टेबलाच्या वर मात्र, कापणाऱ्याच्या तोंडासमोर, उन्हाच्या तिरिपेतच दिसावी अशी बारीक धूळ तरंगत असते. या दोहोंपैकी अधिक घातक कोण, हे कळायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलर याने गोल करवतीचे पेटंट १७७७ मध्ये घेतले. दोघांनी ओढायच्या हातकरवतीचा भुसा जाडसर असे आणि जवळच पडे. यंत्राने वेग बदलला. ३० सेंटिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ३००० फेरे घेते, तेव्हा दातांचा वेग सेकंदाला सुमारे ४७ मीटर, म्हणजे ताशी जवळपास १७० किलोमीटर होतो. हे गणित वर्गात जरूर घालावे. दात लाकडात वरून खाली शिरतात, म्हणून बहुतेक भुसा टेबलाखाली जातो. पण दातांमधल्या खाचांत अडकलेला अंश पात्याबरोबर मागच्या बाजूने वर येतो आणि थेट कामगाराच्या दिशेने फेकला जातो.

इंग्लंडमधील हाय वायकम हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. १९६० च्या दशकात तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आले, की नाकाच्या आतल्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण लाकूडकामगारांत फार आढळतात. हॅडफील्ड, अ‍ॅचेसन आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. धुळीत काम सुरू केल्यापासून हा रोग दिसेपर्यंत साधारण ४० वर्षे जातात. त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड घालणे अवघड होते. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली.

उपायाचे सूत्र मात्र आपल्याकडे आधीच लिहिलेले होते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १४ व्या कलमानुसार, धूळ ओढून घेणारे साधन तिच्या उगमाच्या शक्य तितके जवळ असावे आणि ती जागा शक्य तितकी झाकलेली असावी, अशी अट होती. यंत्रशक्ती वापरणाऱ्या, पण दहापेक्षा कमी कामगारांच्या जागा बहुधा त्या कायद्याबाहेरच राहिल्या.

जवळच का? पेटती मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते. श्वास आत ओढून ती विझत नाही. फुंकलेली हवा एका दिशेने जाते, ओढलेली सगळीकडून येते. म्हणून नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतक्या अंतरावर हवेचा वेग सुमारे एक दशांशच उरतो. १० सेंटिमीटरची नळी पात्यापासून १० सेंटिमीटर दूर धरली, तर तिचे बहुतेक बळ वाया जाते. भिंतीवरचा पंखा तर धुळीला नाकावरूनच बाहेर नेण्याची शक्यता!

म्हणून टेबलाखालच्या पेटीला जोडलेली नळी पुरत नाही. पात्यावर बसणारे झाकण हवे आणि त्या झाकणालाच दुसरी नळी हवी. हे झाकण बोटेही वाचवते. बोट कापले तर त्याच क्षणी कळते. धुळीचा हिशेब चाळीस वर्षांनी होतो. आपल्या वर्गातली काही मुले उद्या याच टेबलांपाशी उभी राहणार आहेत. मेणबत्तीचा प्रयोग त्यांना आजच दाखवायला हवा.